टेकू दिलेलं शून्य

अण्णाला जाऊन आता दोन वर्षं होतील. भेटायला येणारी माणसं एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायची: शेवटी शेवटी त्याला काहीच दिसत नव्हतं का? मी सांगायचे, कडेनं दिसायचं, मधलं दिसत नव्हतं. समोरच्याला ते पटायचं नाही. माणसाला दिसतं किंवा दिसत नाही, एवढंच लोकांना ठाऊक असतं. मग मी चहा टाकायला उठायचे.

त्या माणसांना जे सांगितलं नाही ते लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. एका परीक्षेची गोष्ट आहे, आणि त्या परीक्षेसाठी आम्ही तिघांनी तयार केलेल्या अक्षरांची.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. आप्पा, म्हणजे आमचे वडील, एका वखारीत पत्र्याची अक्षरं कापायचे. माल भरून पोती शिवली की त्यांच्यावर मार्का आणि नंबर काळ्या रंगानं उठवावे लागत. पत्र्यात अक्षर कोरलेलं असे. तो पोत्यावर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. सगळे पत्रे एकाच रुंदीचे, कारण ते एका लाकडी चौकटीत ओळीनं सरकवायचे असत. बारीक आय असो की ऐसपैस डब्ल्यू, जागा दोघांना सारखीच. पोकळ अक्षरांची एक अडचण असे. ओ कापला की त्याचा मधला भाग निसटून खाली पडतो आणि नुसतं भोक राहतं. म्हणून मध्ये पत्र्याची अरुंद पट्टी सोडावी लागते. आप्पा तिला टेकू म्हणायचे. ओ या अक्षराला वर आणि खाली असे दोन उभे टेकू. शून्याला एकच, पण तिरपा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला. गाडी भरणाऱ्याला लांबूनच कळावं की हा आकडा आहे.

आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी चौथीपर्यंतच शिकले होते. इंग्रजी अक्षरांचे उच्चारसुद्धा त्यांना सगळे ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ती नुसती चेहरेपट्टी होती. अक्षर नवं कापलं की ते भिंतीला टेकवून ठेवायचे आणि उलट्या पावलांनी मागे मागे जायचे. वखारीत धूळ अशी असायची की दुपारीही दिवा पिवळा दिसे. त्या धुळीतून दहा पावलांवर ओळखू आलं तर ठेवायचं, नाहीतर पत्रा भंगारात.

त्या धुळीनंच त्यांची छाती खाल्ली. पण मुकादमासमोर ते कधी खोकले नाहीत. खोकला आला की धोतराचा सोगा तोंडात धरून पाण्याच्या हौदाकडे जायचे. पानं निवडणाऱ्या बायकांत कुणाचा हात थरथरायला लागला, कुणाला बारीक दिसेनासं झालं, की दुसऱ्या हंगामात तिची जागा दुसरीला मिळायची. त्यामुळे दुखणं दाराबाहेर न्यायचं नाही ही आमच्याच नव्हे, सगळ्या गल्लीची रीत होती. आईसुद्धा तशीच गेली, कुणाला काही न सांगता, मी नववीत असताना.

अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सत्तरच्या दशकात त्यानं निपाणीतच टायपिंग शिकून घेतलं आणि एका वखारीच्या कचेरीत लागला. कळफलकाकडे न बघता टाइप करायचा. मी कौतुकानं बघत बसले की डोळे मिटून दाखवायचा आणि म्हणायचा, "आता घोरतो बघ." टाइपरायटरवरही सगळ्या अक्षरांना जागा सारखी, हे त्यानं आप्पांना सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मग त्यात नवं काय केलं त्या साहेबानं?"

मी शिकले, बेळगावात एका मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका झाले आणि तिथेच शहापुरात एक खोली घेतली. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. बेळगावातल्या एका संस्थेत चार संगणक आले. विद्यार्थ्यांना ते चालवायला शिकवण्यासाठी आणि छोटे प्रोग्राम लिहून दाखवण्यासाठी माणूस हवा होता. अण्णा बी. कॉम. होता, बोटं चपळ होती, आणि त्या यंत्राविषयी जे सापडेल ते त्यानं वाचलं होतं. त्याला एका वर्षाच्या करारानं घेतलं. वर्षाअखेरी बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर प्रोग्राम लिहून, चालवून, वाचून समजावून द्यायचा. उत्तीर्ण झाला तर नोकरी कायम. अण्णा माझ्या खोलीत राहायला आला. तीसएक वर्षांचा माणूस, पण नवं दप्तर मिळालेल्या पोरासारखा वागायचा.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तो बसची पाटी मान तिरकी करून वाचतो.

"कोंबडीगत काय बघतोस रं अण्णा?"

"दाणं दिसत्यात का बघतोय," तो म्हणाला.

मी हसले. मला वाटलं, मान अवघडली असेल. पुढच्या आठवड्यात त्यानं आमटीत मिठाऐवजी साखर घातली. डबे दोन्ही सारखेच होते आणि वर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्याच रविवारी आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, म्हणाले. चष्म्यानं फरक पडणार नाही, औषध नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसत राहील. बारीक वाचणं हळूहळू जाईल. जाड, ठळक, सुटं असेल ते काही वर्षं वाचता येईल.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होता. मी म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाय. नोकरी कायम होईपर्यंत तरी न्हाय."

तो म्हणाला, "मोठ्या सायबास्नी सांगून बघू का? माणूस बरा हाय."

"न्हाय म्हटलं ना."

ते मीच म्हणाले होते. शिकलेली मी होते, शिक्षिका मी होते, आणि वखारीतली रीत मीच बेळगावात घेऊन आले होते.

मग मी अक्षरांच्या मागे लागले. तोवर मला वाटायचं, वाचणं म्हणजे वाचणं. पण कथा वाचताना एखादं अक्षर पुसट असलं तरी मन सावरून घेतं. प्रोग्राममध्ये तसं सावरून घेणारं कुणी नसतं. तिथे शून्य म्हणजे शून्य आणि ओ म्हणजे ओ. स्वल्पविराम, अर्धविराम आणि अपूर्णविराम ही तीन वेगवेगळी कामं. कंस उघडला की नाही, बंद केला की नाही, यावर सगळं चालणार किंवा थांबणार. आणि त्या यंत्राची स्वतःची अक्षरं अशी होती की अण्णाला एक आणि आय यांच्यात फरकच दिसेना. मधोमध एक धुरकट ठिपका, आणि त्या ठिपक्यात नेमकं जे वाचायचं ते.

अण्णालाच यंत्राच्या पुस्तकात सापडलं की ही अक्षरं बदलता येतात. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ घरांची चौकट, जणू बारीक दिव्यांची पाटी. कुठले दिवे लावायचे ते आठ आकड्यांत सांगायचं, की यंत्र तुमचं अक्षर दाखवतं. हे सगळे आकडे कॅसेटवर साठवून ठेवता येत. गाणी ऐकायची असते तसलीच कॅसेट. यंत्र सुरू केलं की आधी ती लावायची, एक-दोन मिनिटं थांबायचं, मग स्क्रीनवर आपली अक्षरं.

मी शाळेतून आलेखाच्या वह्या आणल्या. पहिला संच मी एकटीनंच काढला, आणि तो मला फार आवडला होता. छापील पुस्तकांसारखी अक्षरं, खाली-वर छोटे पाय, उतरती वळणं. आयुष्यभर जे वाचलं होतं तेच काढलं. अण्णा म्हणाला, "लई देखणी झाल्यात गं." तो संच लावून त्यानं काम सुरू केलं आणि चार दिवसांत डोकं धरून बसायला लागला. तरी अक्षरं नको असं म्हणाला नाही.

त्या शनिवारी आम्ही निपाणीला गेलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांना आता उंबरठ्यापर्यंत चालतानाही धाप लागायची. मी एका कॅलेंडरच्या पाठीमागे माझी अक्षरं शाईनं मोठी करून भरली होती. आप्पांनी ती भिंतीला खिळ्यावर अडकवायला लावली आणि अण्णाला मागे सरकायला सांगितलं. दहाव्या पावलावर अण्णा उभा राहिला आणि त्यानं डावीकडून उजवीकडे सगळी अक्षरं धडाधड वाचून दाखवली. मी आनंदानं आप्पांकडे बघितलं.

आप्पा कॉटवर बसून होते. म्हणाले, "ह्यो पाठ म्हणतोय. वाचत न्हाय."

"वाचलं की आप्पा."

"उठ पोरी. कागद उलटा अडकव, खालचं वर."

मी अडकवला. अण्णाला पहिलंच अक्षर ओळखता येईना. मग हसून म्हणाला, "आप्पा, तुमी मुकादम हुयाला पायजे हुतं."

"मुकादमाला फसवलं असतंस तू. मी पत्रेवाला हाय."

त्यानंतर दर शनिवारी आम्ही नवी अक्षरं घेऊन जायचो आणि आप्पा निवाडा करायचे. कुठलं अक्षर काय म्हणतं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणूनच त्यांची नजर फसत नव्हती. बी आणि आठ यांच्याकडे बोट करून म्हणायचे, "ही दोघं जुळी हायत. सांजचं कोण कुठला कळायचं न्हाय. एकाची कंबर आवळ." एक या आकड्याला खाली रुंद बैठक द्यायला लावली. माझे सगळे सुंदर पाय काढून टाकले: "एवढ्याशा घरात हे पाय पसरून बसल्यात, माणसानं जायचं कुठनं?" स्वल्पविरामाची शेपटी लांब केली. कंसांची पोटं खोल केली. रेघा दुहेरी जाड केल्या आणि अक्षराच्या कडेची एक ओळ कायम रिकामी ठेवली, म्हणजे शेजाऱ्याला शेजारी चिकटायला नको. आणि शून्याला तिरपा टेकू दिला. अण्णा म्हणाला, "आप्पा, इथं टेकू न्हाय दिला तरी मधलं पडत न्हाय."

"पडत नसंल. दिसायला दे."

ती अक्षरं कुरूप होती. पोत्यावरच्या मार्क्यासारखी, ठोकळी, फटी असलेली. पण अण्णा डोळ्याच्या कडेनं ती वाचू शकत होता. एका गुरुवारी तो संस्थेतून आला आणि दप्तर न ठेवताच म्हणाला, "आज चाळीस ओळी वाचल्या. एकदाबी मान न मोडता." त्या रात्री जेवताना त्यानं तीनदा भात घेतला. आमच्या त्या वर्षातला चांगला दिवस विचाराल तर तो एवढाच.

आप्पा त्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलवत नव्हतं. एकदा अण्णाच्या हातावर बोटानं गोल काढला आणि त्यातून तिरपी रेघ ओढली. बसली का अक्षरं, असं ते विचारत होते. अण्णा म्हणाला, "बसली आप्पा. झकास बसली."

परीक्षा पावसाळा संपता संपता ठरली. आम्ही दोघांनी सगळं नीट योजलं होतं. अण्णा सकाळी लवकर जाणार, परीक्षक यायच्या आत आपली कॅसेट लावणार. पुढे अक्षरं वेगळी का असं कुणी विचारलंच तर सांगायचं, यंत्राचा अभ्यास म्हणून केली आहेत; ते कौतुकाचंच होईल. दगाफटका नको म्हणून मी दुसरी एक कॅसेट भरून घेतली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि अण्णाचा डबा घेऊन त्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. खिडकी उघडी होती. आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

सुरुवात छान झाली. अण्णाच्या बोटांचा आवाज मला ओळखू यायचा, न अडखळता चालणारा. परीक्षक इंग्रजीत काहीतरी विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. एकदा कुणीतरी हसलंही. मग पंखा मंद होत थांबला. वीज गेली होती.

वीज जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. आम्ही दोघं त्या गावात राहत होतो, आठवड्यातून चारदा अंधारात जेवत होतो. तरी इतक्या महिन्यांत हा विचार आमच्या मनात आला नव्हता. किंवा आला असेल आणि आम्ही दोघांनीही तो बोलून दाखवला नसेल. वीज गेली की यंत्राला आपली अक्षरं आठवत नाहीत. ते पुन्हा सुरू होतं ते स्वतःच्या अक्षरांनिशी.

अर्ध्या तासानं पंखा फिरू लागला. आत खुर्च्या सरकल्या. "पुन्हा लिहा," असं कुणीतरी म्हणालं. मी वाट बघत होते की अण्णा कॅसेट मागेल. त्याची स्वतःची कॅसेट टेबलाच्या खणातच होती. पण लावायची म्हणजे का लावायची ते सांगायला हवं, आणि सगळे बघत उभे होते. बोटं चालू लागली.

माझ्या पर्समध्ये कॅसेट होती. बाकापासून दार सात-आठ पावलं. मी आत जाऊन म्हणू शकले असते, माझ्या भावाला बारीक दिसत नाही, ही दोन मिनिटं लावू द्या. एवढंच वाक्य. मी पर्सचा चाप उघडला, आणि बंद केला. मला वाटलं, त्याची बोटं चुकत नाहीत. कदाचित निभावेल.

बोटं थांबली. यंत्रानं पिप् असा आवाज केला. चूक झाली होती. परीक्षक म्हणाले, चुकीची ओळ कोणती आहे ती वाचून दाखवा.

अण्णानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, स्पष्ट आवाजात, एकेक चिन्हासकट. सगळं बरोबर होतं. त्याच्या आवाजात ती लय होती, आप्पांसमोर दहाव्या पावलावर उभं राहून धडाधड वाचतानाची. स्क्रीनवर जे नव्हतं ते तो वाचत होता. शेवटच्या ओळीपर्यंत त्याला कुणी थांबवलं नाही.

मग परीक्षकांनी विचारलं, "स्क्रीनवर काय आहे ते तुम्हाला दिसतंय का?"

अण्णा म्हणाला, "नाही सर."

संस्थेचे मोठे साहेब नंतर बाहेर आले. घरात कानडी बोलणारे, आमच्याशी मात्र मुद्दाम मराठीत बोलत. त्यांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. "अगोदर सांगायचं की हो. टेप लावू दिली असती. त्यात काय होतं?" खरोखर लावू दिली असती का, की झाल्यावर माणूस असं म्हणतोच, हे मला कधी ठरवता आलं नाही. डोळ्यांच्या तपासणीचा दाखला आणायला सांगितलं. दाखल्यावर जे लिहून यायचं ते आलं. करार वाढला नाही.

अण्णा निपाणीला परत गेला. तिथल्या टायपिंगच्या वर्गात पुढे कितीतरी वर्षं तो शिकवत होता. टेबलाजवळ कान देऊन उभा राहायचा आणि कुठल्या मुलीचं कुठलं बोट चुकलं ते आवाजावरून सांगायचा. मुलं त्याला घाबरायची आणि त्याच्यावर जीवही टाकायची. लग्न केलं नाही. स्क्रीनसमोर पुन्हा बसला नाही. टाइपरायटर गेले तसा तो वर्गही बंद पडला, आणि मग तो घरात बसून राहिला. मी निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे राहायला आले. इतक्या वर्षांत त्या दिवसाविषयी आम्ही बोललो नाही. मला एकदाही दोष दिला नाही त्यानं. दिला असता तर बरं झालं असतं.

एकच सांगायचं राहिलं. परीक्षेच्या संध्याकाळी आम्ही निपाणीच्या बसमध्ये बसलो. घरी जाऊया, एवढंच तो म्हणाला होता. संकेश्वर गेलं. रस्ता खराब होता आणि पर्स माझ्या मांडीवर हिंदकळत होती. कॅसेट तिच्या प्लास्टिकच्या डबीत खडखडत होती. तो आवाज कसा असतो ते अण्णाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कितीतरी महिने तसलीच डबी त्याच्या खिशात वाजत होती.

तवंदीच्या घाटाला गाडी लागली तेव्हा तो माझ्याकडे न वळता म्हणाला, "पर्समधी काय वाजतंय गं?"

"किल्ल्या," मी म्हणाले.

तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"व्हय," म्हणाला, आणि खिडकीची काच वर ओढून घेतली. गार वारा येत होता.